नवी हार्ड डिस्क टकटक करतेय? आधी डेटा हलव

अरे, डिस्क नवी आहे म्हणजे धडधाकट असेलच असं नाही. कारखान्यातला दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच डोकं वर काढतो. टकटक आवाज येतोय, फाइल उघडताना संगणक अडकतोय, तर आधी डेटा दुसरीकडे उतरवून घे. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) त्यानंतर. दुखऱ्या डिस्कवर तासन्‌तास दुरुस्ती चालवली की उरलंसुरलंही जातं. माझे घरचे फोटो असेच गेले, म्हणून कळकळीने सांगतोय.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघ. ओळींचे आयडी (क्रमांक) नेहमीच्या दशमान पद्धतीत मोजले तर ५, १९७ आणि १९८ या ओळी महत्त्वाच्या: बदललेले, संशयित आणि वाचताच न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे. नव्या डिस्कवर तिथे शून्यच हवं. (प्रोग्रॅममध्ये आयडी आणि आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीत दिसतात, १९७ म्हणजे सी५. दचकू नकोस.) फक्त १९९ (डेटा पाठवतानाच्या चुकांची मोजणी) वाढत असेल तर दोष बहुतेक साटा केबलचा, म्हणजे डिस्क संगणकाला जोडणाऱ्या वायरीचा. ती बदल. जुना आकडा शून्यावर येणार नाही, वाढायचा थांबला की झालं.

५, १९७ किंवा १९८ चे आकडे वाढत असतील तर फॉरमॅट करून वापरायच्या फंदात पडू नकोस. स्क्रीनशॉट काढ, बिल शोध आणि दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत परत कर. नंतर कंपनीच्या वॉरंटीत अनेकदा दुरुस्त केलेली डिस्क हाती येते.