रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात जीव नाही

"मॅडम, झोप काढली तरी शीण उतरत नाही. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. घरचे म्हणतात आळस भरलाय. खरंच तसं असेल का?"

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कामगारांकडून हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो. त्याचं उत्तर एका गृहस्थांच्या निमित्ताने देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या अलीकडे, सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणारं, धातू कापणारं यंत्र) ऑपरेटर, पर्मनंट. गळ्यात तुळशीची माळ. माझ्याकडे येण्याआधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोनदा सलाईनची बाटली लावून झाली होती, ताकदीच्या गोळ्या झाल्या होत्या. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पिंडऱ्या भरून यायच्या, डोकं जड. मुलीने अभ्यासातलं काही विचारलं तरी खेकसायचे आणि मग रात्रभर त्याचंच वाईट वाटत राहायचं.

मी आधी रिपोर्ट मागितला. 'सगळं नॉर्मल' म्हणजे फक्त हिमोग्लोबिन आणि पेशींची तपासणी झाली होती. थायरॉइड, साखर, बी-12 यातलं काहीच पाहिलं नव्हतं. घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, हेही कुणी विचारलं नव्हतं. (हा प्रश्न नवऱ्याला विचारून उपयोग नसतो, बायकोला विचारावा लागतो.) त्यांचं बी-12 कमी निघालं. माळकरी घर, मांसमच्छी वर्ज्य, दूधही बेताचं, त्यामुळे नवल नव्हतं. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. हातापायांतल्या मुंग्या कमी झाल्या, थकवा मात्र थोडाच हलला. म्हणजे मूळ आणखी कुठेतरी होतं.

मग कागदावर 24 तासांची पट्टी काढली आणि त्यांना नाईटचा दिवस भरायला सांगितला. रात्री सव्वादहाला बस. साडेअकरा ते सकाळी सात मशीनवर. साडेआठला घरी, चहा-नाश्ता, मुलीला शाळेत सोडणं, गॅस सिलिंडर, बँक. दहाला आडवं व्हायचं. वर पत्रा, खाली शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी. दुपारी एकला जाग. झोप झाली तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांची. पट्टी भरून झाल्यावर ते तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी तर समजत होतो दिवसभर घरी झोपूनच असतो."

पाळी दर आठवड्याला बदलायची आणि तीही उलट्या क्रमाने: पहिली, मग नाईट, मग दुसरी. शरीराला रात्रीच्या कामाची सवय व्हायला आठवडा पुरत नाही, काहींना ती पुरती होतच नाही. त्यातही पाळी पुढे सरकत गेली, म्हणजे पहिलीनंतर दुसरी आणि मग नाईट, तर त्यातल्या त्यात सोसते. कारण झोप लांबवणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. यांचं चाक नेमकं उलटं फिरत होतं. वर सुट्टी गुरुवारची, कारण इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारच बंद असतो. मुलीची सुट्टी रविवारी. एका घरात राहून बापलेकीची निवांत गाठ नाही.

खरी गाठ दुसऱ्या भेटीत सुटली. काही महिन्यांपूर्वी नाईटला, पहाटे सहाच्या सुमारास, टूल (कापायचं हत्यार) घासला म्हणून मशीनला 0.05 मिलिमीटरचा ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, द्यायचा होता. हातून पडला 0.5. बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, मोठा झाला, लक्षात येईपर्यंत तीन जॉब (तयार होणारे भाग) रिजेक्शनला गेले. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर सुपरवायझरने ते जॉब टेबलावर मांडून सुनावलं. तेव्हापासून हे प्रत्येक आकडा तीनदा बघू लागले. त्यात टार्गेट मागे पडायचं, ते भरायला चहाची सुट्टी सोडायची. बस कंपनीच्या गेटजवळ आली की छातीत धडधड.

मी त्यांना सांगितलं की दुपारी एकला उठलेला माणूस सकाळी सहाला सलग 17 तास जागा असतो. 1997 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की इतका वेळ जागं राहिल्यावर हाताडोळ्यांची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असल्याइतकी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 आहे. यात आळस कुठे आला? एक शून्य निसटणं हे त्या वेळेचं काम होतं. सुपरवायझरला हे ठाऊक नसेल, पण चूक करणाऱ्यालाही ठाऊक नसावं हे मला जास्त खटकतं.

उठता उठता ते हसत बोलून गेले, "कधी कधी वाटतं बसला छोटासा अपघात व्हावा. हातपाय मोडावा, जास्त नाही. महिनाभर पडून तरी राहता येईल."

असं वाक्य मी विनोदावर सोडत नाही. त्यांना पुन्हा बसवलं आणि सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? नाही म्हणाले, मुलीचं नाव घेतलं. पण त्याच ओघात हेही आलं की गेले दोन-तीन महिने कीर्तनाला जावंसं वाटत नाही, जेवणाची चव गेली आहे, सुट्टीच्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची जी लक्षणं मांडली, म्हणजे शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं, ती कामापुरती असतात आणि संघटना त्याला आजार म्हणत नाही. कीर्तनाचीही गोडी गेली म्हणजे प्रकरण कामापलीकडे गेलं होतं. नैराश्याची शंका आली, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. "वेड्याचा डॉक्टर?" हा प्रश्न आला, येतोच. बायको सोबत होती, तीच म्हणाली, "अहो, बाटली लावायला दोनदा गेलात, इथे एकदा जाऊन या." औषध सुरू झालं. अशा वेळी जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानसच्या 14416 क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही बोलतात.

झोपेचं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. नाईटहून येताना बसमध्ये काळा गॉगल, आल्यावर दोन घास खाऊन लगेच आडवं, खिडकीला जाड काळं कापड, मोबाईल बायकोकडे. बँक-सिलिंडर दुपारनंतर. रात्री निघण्याआधी तासभर पुन्हा झोप. पहाटे तीननंतर चहा बंद, कारण त्याचा अंमल पाच-सहा तास राहतो. हे साधंच आहे, पण घरच्यांनी मनावर घेतल्याशिवाय होत नाही. ध्यान करा, सकारात्मक राहा, असले सल्ले मी दिले नाहीत. तीन तास झोपलेल्या माणसाला ध्यानाला बसवलं तर तो बसल्या जागी घोरतो.

दोन महिन्यांनी झोप दोन तुकड्यांत का होईना, सहा तासांपर्यंत आली. धडधड कमी आहे. एकादशीला कीर्तनाला जाऊन आले. पाळ्यांचा क्रम सुलटा करावा म्हणून त्यांनी युनियनच्या प्रतिनिधीकडे अर्ज दिला, तो अजून फिरतो आहे. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कंत्राटी पोराला एवढंही करता येणार नाही. त्याने तोंड उघडलं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटपास काढून घेईल.

उरला आहे तो ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा प्रश्न. जादा कामाला दुप्पट दर आहे आणि घराचा हप्ता त्यावरच चालतो, तेव्हा 'ओटी सोडा' म्हणणं मला सोपं आहे, त्यांना नाही. नवराबायकोने वहीत हिशोब मांडला. हप्त्यापुरती ओटी आठवड्यात दोन दिवस पुरते, हे करत होते चार. बाकीचे दोन दिवस केवळ नाही म्हणता येत नाही म्हणून. मग माझ्या खोलीत आम्ही ते वाक्य बोलून बघितलं. पहिल्यांदा त्यांनी तीनदा 'सॉरी' घातलं, ते काढायला लावलं. गेल्या आठवड्यात त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, मंगळवारी आणि शनिवारी थांबतो. बाकी दिवस नाही जमणार." साहेब 'बघू' म्हणाले. बुधवारी मात्र हे साडेतीनच्या बसने घरी आले.