विनरारमध्ये 'झिरो-डे' सापडला म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरवर तो कित्येक वर्षांपासून आहे. काढून टाकू का?

विनरार म्हणजे अनेक फाइली दाबून एका 'रार' फाइलीत बांधणारा आणि त्या परत उघडणारा प्रोग्रॅम. काढायलाच हवा असं नाही. आधी विनरार उघडून 'हेल्प'मध्ये 'अबाउट विनरार' बघा. आकडा ७.१३ च्या खालचा असेल तर नवीन टाकून घ्या, बाकीचं नंतर वाचा.

झिरो-डे म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या आधी चोराला सापडलेली फट. २०२५ ची ही फट ईसेट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी १८ जुलैला पकडली आणि ३० जुलैला ७.१३ आलं. पण तोवर रॉमकॉम नावाची रशियाधार्जिणी टोळी ती वापरत होती. युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांना नोकरीच्या अर्जाची मेल यायची, सोबत रार फाइल. उघडून बघितली तर आत साधा बायोडेटा. एक्स्ट्रॅक्ट केलं, म्हणजे फाइली बाहेर काढल्या, की आत दडवलेल्या फाइली तुम्ही सांगितलेल्या फोल्डरात न जाता भलतीकडेच उतरायच्या, आणि त्यातला एक शॉर्टकट थेट विंडोजच्या 'स्टार्टअप'मध्ये जाऊन बसायचा. त्या घडीला काहीच होत नाही. पुढच्या वेळी लॉगिन केलं की तो आपसूक सुरू!

२०२३ मध्येही असंच झालं होतं. आर्काइव्हमधल्या, म्हणजे अशा बांधलेल्या फाइलीतल्या, फोटोवर किंवा पीडीएफवर डबल-क्लिक केलं की त्याच नावाच्या फोल्डरात लपवलेली स्क्रिप्ट चालायची. त्याला शेअर-क्रिप्टोचे ट्रेडर बळी पडले. एप्रिलपासून हे चालू होतं, दुरुस्ती ऑगस्टमध्ये ६.२३ ला आली.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. क्रोम गुपचूप बदलतो, हा बदलत नाही. म्हणजे कंपनीने फट बुजवली तरी तुमच्याकडची उघडीच.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. मागे एका डीटीपीवाल्या काकांकडे गेलो होतो, लग्नपत्रिकांचं काम. गिऱ्हाइकं फोटो रारमध्येच पाठवतात. चाळीस दिवसांची ट्रायल संपल्याची खिडकी आली की काका न बघताच ती बंद करतात, हाताला सवयच झालीये. 'अबाउट'मध्ये बघतो तर ५.५०, म्हणजे २०१७ चं. वरच्या दोन्ही फटी त्यात, शिवाय २०१९ मध्ये उघडकीला आलेली एसीई या रारसारख्याच जुन्या फाइल-फॉरमॅटची तिसरी. ती तर १९ वर्षं कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" काका म्हणाले.

मी विनरारच्या अधिकृत, म्हणजे रारलॅबच्याच साइटवरून नवीन उतरवून जुन्यावर टाकलं. दोन मिनिटांचं काम. पेनड्राइव्हवरचा सेटअप किंवा 'क्रॅक' (फुकट चालवायची चोरटी आवृत्ती) मात्र वापरू नका, तो स्वतःच रोग घेऊन येतो. तुम्हाला फक्त फाइली उघडायच्या असतील आणि विंडोज ११ अपडेटेड असेल, तर त्याला आता रार आपलं आपण उघडता येतं. मग खुशाल काढून टाका.

काकांनी एवढंच विचारलं, "नवीन पैसे मागेल का रे?"

मागतं की, पूर्वीसारखंच.