वाचकांचे प्रश्न: सुतारकामाला खोली केवढी लागते?

प्रश्न: घराला लागून १० बाय १२ फुटांची एक खोली रिकामी झालीये. सुतारकामाचा नाद खूप वर्षांपासून आहे, आता जरा मनावर घेऊन करायचंय. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर फळी चिरायचं मशिन), छोटा प्लेनर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशिन) आणि ड्रिल प्रेस (स्टँडवरचं भोकं पाडायचं मशिन) घेणार आहे. पुस्तकांची कपाटं, टेबलं आणि मुलांसाठी पलंग करायचा विचार आहे. एक ओळखीचे म्हणतात एवढ्याशा जागेत काही होत नाही, भिंत पाडून खोली वाढव. पाडू का? योग्य साइज किती?

उत्तर: भिंतीला आत्ताच हात लावू नका. जागा मोजताना बहुतेक जण मशिन मोजतात आणि तिथेच गणित चुकतं, कारण मशिन एका जागी उभं असतं, फिरतं ते लाकूड. छोटा टेबल सॉ जेमतेम अडीच फुटांत बसतो, पण ८ फुटी फळी लांबीत चिरायची तर ब्लेडच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळं लागतं, वर तुम्हाला उभं राहायला जागा वेगळी. म्हणून आधी हे ठरवा की तुमच्या कामातला सगळ्यात लांब तुकडा कोणता. तुमच्या यादीत तो पलंगाची बाजूपट्टी, साधारण साडेसहा फूट. म्हणजे तेराच्या वर फूट पाहिजेत आणि खोली बाराची.

तरी भिंत पाडायची गरज नाही. सॉ अशा ठिकाणी ठेवा की ब्लेडची रेष दरवाजातून बाहेर जाईल, लांब काम असलं की दरवाजा उघडायचा, फळी बाहेर निघते. खिडकी योग्य उंचीवर असेल तर तीही चालते. प्लेनरलाही दोन्हीकडे तेवढीच जागा लागते, पण दोन्ही मशिन एकाच वेळी कुणी चालवत नाही, तेव्हा प्लेनर चाकांच्या स्टँडवर घ्या (चाकं लॉक होणारीच हवीत, हलणाऱ्या मशिनवर काम करू नका), लागला की त्याच रेषेत ओढायचा. ड्रिल प्रेसवर फळी डावी-उजवीकडे सरकते, म्हणून तो लांब भिंतीच्या मधोमध, कोपऱ्यात नको.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतोय, तर माझ्या पहिल्या खोलीत मी सगळं भिंतीला चिकटवून मांडलं होतं, दिसायला फार नीटनेटकं. एकदा सात फुटी फळी चिरायला घेतली आणि अर्ध्याच्या थोडी पुढे गेली तेव्हा तिचं टोक समोरच्या भिंतीवर टेकलं. ब्लेड फिरतंय, पुढे जाता येत नाही, आणि चालू ब्लेडवरून फळी मागे ओढली तर ती अंगावर उसळू शकते. एका हाताने फळी टेबलावर दाबून धरली, दुसऱ्या हाताने खाली चाचपडत स्विच शोधला, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत श्वास रोखून उभा होतो. भिंतीच्या प्लास्टरला पडलेला तो खळगा मी मुद्दाम बुजवला नाही.

प्लायचं म्हणाल तर ८ बाय ४ चा १८ एमएमचा शीट तीस किलोच्या वर भरतो, तो एकट्याने छोट्या सॉवर चढवायचाच नाही, जागा कितीही असू दे. बाहेर जमिनीवर जाड फोम अंथरा, त्यावर शीट आडवा टाका आणि सरळ पट्टी क्लॅम्पने (शिकंज्याने) आवळून हातातल्या सर्क्युलर सॉने (गोल ब्लेडच्या करवतीने) मोठे तुकडे पाडून घ्या, मग आत आणा.

आता जी जागा सगळेच विसरतात ती, जोडणीची. सहा फुटी कपाट फेव्हिकॉल लावून क्लॅम्प केलं की क्लॅम्पची टोकं प्रत्येक बाजूला फूटभर बाहेर येतात, आणि पूर्ण मजबुती यायला चोवीस तास लागतात म्हणून बरेच जण ते रात्रभर तसंच सोडतात. तेवढा वेळ जमीन अडलेली. तुमच्या खोलीत मध्ये ४ बाय ८ तरी मोकळं राहिलंच पाहिजे, वर्कबेंच भिंतीला लावावं लागलं तरी चालेल. आणि दरवाजाची रुंदी मोजा! तयार कपाट बाहेर निघणार आहे ना? पलंग तर बोल्टने सुटा होणाराच करा.

धुळीकडेही बघा, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात धरली आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये, आणि लहान खोलीत ती पटकन साठते. डस्ट कलेक्टर (धूळ ओढून घेणारं मशिन) आणि सॉ एकाच वेळी चालतात, म्हणून दोघांना विजेची वेगवेगळी लाइन ओढून घ्या.

काहीही विकत घ्यायच्या आधी खडूने जमिनीवर प्रत्येक मशिनचा चौकोन आखा आणि साडेसहा फुटी पट्टी हातात घेऊन खरं काम करतोय तसं फिरा, दारातून आत या, सॉवरून पुढे ढकला, वळा. जिथे पट्टी आपटेल तिथला चौकोन पुसून दुसरीकडे आखा. माझ्या अंदाजाने तिसऱ्या-चौथ्या वेळी बसेल.

प्रश्न: माझ्याकडे फक्त ५ बाय ८ ची जागा आहे आणि मशिन नकोच आहे, रंधा, करवत, पटाशी एवढंच. जमेल?

उत्तर: छान जमेल. पाच फुटी बेंच, रुंदी दोन फूट, लांब भिंतीला टेकवा म्हणजे समोर उभं राहायला तीन फूट उरतात. उजव्या हाताने काम करत असाल तर रंधा उजवीकडून डावीकडे जातो, तेव्हा डाव्या टोकाला फूटभर रिकामं सोडा, नाहीतर मुठी भिंतीवर आपटतील. उंची म्हणजे हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येतं तेवढी. आणि बेंच जड करा, हलकं असेल तर रंध्याबरोबर तेच सरकत जातं.