वाचकांचे प्रश्न : टॉर्चच्या ऑक्सिजनची गळती

प्रश्न : माझे छोटे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. गॅस कटिंगच्या टॉर्चमध्ये, म्हणजे ज्योतीने धातू कापायच्या हत्यारात, ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन हा जळणारा वायू वापरतो. सायंकाळी काम थांबवताना ऑक्सिजनच्या गेजवर जो दाब दिसतो, तो सकाळी कमी झालेला असतो. सिलिंडरवरच्या, दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या नटाला साबणाचे पाणी लावून पाहिले, पण बुडबुडे आले नाहीत. टेफ्लॉन टेप गुंडाळून नट जोरात आवळावा, असे सहकारी सुचवतात. शिवाय ऑक्सिजन स्वतः जळत नाही, मग तो थोडा गळाला तर वायू वाया जाण्यापलीकडे काय बिघडते, असाही प्रश्न पडतो.

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची काळजी त्यावरच अवलंबून आहे. ऑक्सिजन जळत नाही हे खरे. पण तो इतर वस्तूंचे जळणे विलक्षण वेगवान करतो. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते आणि ते २३.५ टक्क्यांच्या वर गेले की ती जागा धोकादायक मानली जाते, कारण अशा हवेत एरवी धुमसून विझणारा कपडा भडकून पेटतो. सुमारे ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाखाली बाहेरच्या हिशोबाने ७ घनमीटर ऑक्सिजन मावतो. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३ मीटर असलेल्या बंद खोलीत त्याचा केवळ सातवा भाग मिसळला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ऑक्सिजनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे खड्ड्यात किंवा टाकीत साचून राहतो. कपड्यांच्या विणीतही तो अडकतो. त्यामुळे मोठी गळती झालेल्या जागेतून बाहेर आल्यावर किमान १५ मिनिटे मोकळ्या हवेत थांबावे आणि तोवर ज्योत, विडी-सिगारेट किंवा ग्राइंडिंगच्या ठिणग्या यांच्या जवळपासही जाऊ नये.

आता आपल्या गेजकडे वळू. रात्री तापमान उतरले की बंद सिलिंडरमधला दाबही उतरतो. १० अंशांच्या फरकाने १५० बारमागे साधारण ५ बार कमी दिसतात आणि दुपारी ते परत येतात, त्यामुळे एवढ्या फरकाला गळती समजू नये. मात्र आपल्या पत्रावरून एक गोष्ट जाणवते, ती अशी की रात्री सिलिंडरचा वाल्व उघडाच राहत असावा, किंवा तो बंद केला तरी रेग्युलेटर आणि नळीतला दाब सोडला जात नसावा. अन्यथा सकाळी काटा शून्यावरच दिसला असता. काम संपल्यावर वाल्व बंद करून, टॉर्चचा नॉब उघडून दोन्ही काटे (सिलिंडरकडच्या जास्त दाबाच्या गेजचा आणि नळीकडच्या कमी दाबाच्या गेजचा) शून्यावर आणणे आणि मग रेग्युलेटरचा दाब ठरवणारा स्क्रू सैल करून नॉब पुन्हा बंद करणे, एवढे रोज केले तर रात्रीची गळती आणि रात्रीचा धोका दोन्ही टळतात. गळती शोधायची ती दिवसा, आपण समोर असताना.

साबणाआधी गेजची परीक्षा घ्यावी असे माझे ठाम मत आहे, कारण साबण फक्त जिथे लावला तिथलेच सांगतो, तर गेज गळती कोणत्या टप्प्यात आहे ते सांगते. परीक्षेच्या वेळी जवळपास कोणतीही ज्योत नसावी आणि दारे-खिडक्या उघड्या असाव्यात. टॉर्चचे सगळे नॉब बंद करावेत, रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल असल्याची खात्री करावी आणि मग गेजच्या समोर न थांबता, बाजूला उभे राहून सिलिंडरचा वाल्व अगदी हळू उघडावा. वाल्व झटकन उघडल्यास रेग्युलेटरमधला वायू एकदम दाबला जाऊन तापतो. सैद्धांतिक हिशोबाने हे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते, आणि आत तेलाचा अंश किंवा कचरा असेल तर रेग्युलेटर आतून पेटण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. त्यानंतर स्क्रू आत फिरवून नेहमीच्या कामाचा दाब ठेवावा, सिलिंडरचा वाल्व बंद करावा, स्क्रू पुन्हा सैल करावा आणि काटे स्थिरावले की दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. स्क्रू सैल करण्याची ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग निष्कर्ष चुकतो, कारण स्क्रू आत असेल तर नळीतून जे गळते त्याची भरपाई वरच्या बाजूने होत राहते आणि दोन्ही काटे एकदम उतरलेले दिसतात.

निदान ५ मिनिटे थांबावे; शंका असेल तर १५. या काळात अडकलेला वायू अगदी थोडा असल्यामुळे बारीक गळतीनेही काटा स्पष्ट हलतो, जे वाल्व उघडा असताना, मागे भरलेला सिलिंडर असल्यामुळे, तासभरातही कळले नसते. जास्त दाबाचा काटा उतरला आणि कमी दाबाचा जागेवर राहिला, तर दोष सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या जोडात किंवा जास्त दाबाच्या गेजच्या बुडाशी आहे. कमी दाबाचा काटा उतरला, तर रेग्युलेटरच्या बाहेरच्या नटापासून टॉर्चच्या टिपपर्यंत कुठेही शोध घ्यावा लागेल. जास्त दाबाचा काटा उतरत असताना कमी दाबाचा चढू लागला, तर वायू बाहेर नव्हे, आतल्या आत सरकतो आहे. म्हणजे रेग्युलेटरची बैठक, आत वायू अडवणारी जागा, बिघडली आहे. असा रेग्युलेटर तात्काळ वापरातून काढून ऑक्सिजनच्या रेग्युलेटरची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावा. तो वर्कशॉपमध्ये उघडू नये.

दोन्ही काटे हलले नाहीत आणि तरीही रात्री दाब कमी होत असेल, तर सिलिंडरच्या वाल्वच्या स्पिंडलवर, म्हणजे वाल्व उघडताना फिरणाऱ्या दांडीवर, संशय घ्यावा. तिथली गळती वाल्व उघडा असतानाच होते, त्यामुळे वरच्या परीक्षेत ती सापडत नाही. आपल्या नटाला बुडबुडे का आले नाहीत, याचे एक संभाव्य उत्तर हेच आहे.

टप्पा कळला की मगच फेसाचा उपयोग. त्यासाठी ऑक्सिजनसाठी चालते असे डब्यावर लिहिलेले गळतीशोधक द्रावण वापरावे. अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणात चरबीचा अंश असू शकतो आणि अमोनिया असलेल्या द्रावणाने पितळेला कालांतराने तडे जातात. द्रावण जोडलेल्या आणि दाब असलेल्या सांध्यावर बाहेरूनच लावावे, मिनिटभर पाहत राहावे, कारण बारीक गळतीचे बुडबुडे सावकाश फुगतात, आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. पेटती काडी सांध्याजवळ नेऊन ती उजळते का ते पाहण्याची एक जुनी खोड आहे. ती कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी करू नये.

टेपचा सल्ला मात्र मानू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या जोडात वायू अडवण्याचे काम आटे करत नाहीत. आटे केवळ दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतात, आणि खरी अडवणूक निपलच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या वाल्वमध्ये बसणाऱ्या नळकांड्याच्या, गोल टोकावर किंवा तिथल्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) होते. त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही, उलट तिचा तुकडा आत जाऊन रेग्युलेटरच्या बैठकीत अडकू शकतो. गेजच्या निमुळत्या आट्यांची गोष्ट निराळी आहे, तिथे ऑक्सिजनसाठीची खास टेप वापरतात. पण ते दुरुस्ती करणाऱ्याचे काम आहे.

जोड दुरुस्त करताना आधी दाब पूर्ण सोडावा, कारण दाबाखालचा नट कधीही आवळू किंवा सोडू नये. नट काढून निपलच्या टोकावर आणि वाल्वच्या तोंडात धूळ, ओरखडा, जुन्या टेपचे धागे किंवा फाटलेली ओ-रिंग आहे का ते उजेडात पाहावे. माझ्या मते जोडाची बहुतेक तक्रार इथे, अस्वच्छतेतच असते आणि पान्याच्या जोराने ती वाढते. स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे. हात आणि पानाही तेलकट नसावेत. मग वाल्वचे तोंड कोणाच्याही दिशेला नाही आणि जवळ ज्योत नाही हे पाहून, बाजूला उभे राहून, वाल्व क्षणभर किंचित उघडून लगेच बंद करावा, म्हणजे आतली धूळ निघून जाईल. नट आधी हाताने सहज फिरला पाहिजे. अडखळत असेल तर आटे चुकीचे बसले आहेत किंवा खराब आहेत. शेवटी बरोबर मापाच्या पान्याने घट्ट करावा. पान्याला पाइप लावून जोर वाढवू नये. तरीही फेस येत असेल, तर तो भाग बदलण्याला पर्याय नाही.

प्रश्न : मी काचकामासाठी एलपीजी आणि ऑक्सिजनचा छोटा टॉर्च वापरते. ऑक्सिजनच्या नॉबजवळ बारीक सूं असा आवाज येतो. साध्या हार्डवेअरमधली त्याच मापाची ओ-रिंग, थोडे व्हॅसलिन लावून बसवली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि त्यात व्हॅसलिनचा भाग अधिक घातक आहे. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल, ग्रीस, व्हॅसलिन हे पदार्थ ठिणगीविनाही पेट घेऊ शकतात. ओ-रिंगचेही तसेच: माप जुळले म्हणजे रबर जुळले असे होत नाही. टॉर्चच्या उत्पादकाने दिलेलीच ओ-रिंग वापरावी, आणि वंगण हवेच असेल तर त्यानेच सांगितलेले, ऑक्सिजनसाठी बनवलेले, तेही नाममात्र.

आपल्या टॉर्चच्या नॉबखाली ग्लँड नट (नॉबच्या दांडीभोवतीची गळती रोखणारा नट) असेल, तर दाब सोडून तो अगदी थोडा, नॉब जड न होईल एवढाच आवळून पाहावा. पुष्कळदा एवढ्याने आवाज थांबतो. नॉब बंद असूनही टिपमधून वायू येतो का, हेही एकदा पाहून घ्यावे. त्यासाठी टॉर्च पूर्ण थंड असताना, एलपीजीचा सिलिंडर बंद ठेवून आणि फक्त ऑक्सिजनचा दाब देऊन, टिप स्वच्छ पाण्यात धरावी. बुडबुडे आले तर नॉबची आतली बैठक झिजली आहे. तो नॉब अधिक जोराने पिळल्याने बैठक आणखी खराब होते, म्हणून टॉर्च दुरुस्तीला द्यावा.

प्रश्न : ऑक्सिजनची नळी टॉर्चच्या टोकाजवळ चिरली आहे. तांब्याच्या तुकड्याने जोडून वर तारेने बांधली तर काही दिवस काम भागेल का?

उत्तर : चीर टोकाजवळच असेल आणि बाकीची नळी मऊ व निर्दोष असेल, तर चिरलेला भाग कापून टोकाला नवे निपल योग्य फेरूलने (नळीवर आवळून बसणाऱ्या धातूच्या कड्याने) बसवून घेणे हा सरळ उपाय आहे. तार रबरात रुतते आणि टेप दाब धरत नाही. तांब्याचा तुकडा तर कोणत्याही नळीसाठी हाताशी ठेवूच नये, कारण तो उद्या अ‍ॅसिटिलीनच्या नळीत गेला तर तिथे तांब्याचे स्फोटक संयुग तयार होते. नळी अनेक जागी तडकलेली असेल किंवा तिच्यात एकदा ज्योत उलटी शिरली असेल, तर बाहेरून ती कितीही चांगली दिसली तरी पूर्ण बदलावी, कारण आतली बाजू जळालेली असते. नवी नळी लावल्यावर टॉर्च जोडण्यापूर्वी तिच्यातून थोडा ऑक्सिजन सोडून आतली भुकटी काढून टाकावी आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी शिरणारी ज्योत अडवणारे साधन) जागेवर असल्याची खात्री करावी.

प्रश्न : सिलिंडरच्या वाल्वच्या स्पिंडलमधूनच वायू येत असेल तर काय करावे?

उत्तर : काही बनावटींचे वाल्व पूर्ण उघडल्यावरच स्पिंडलजवळची दुसरी बैठक नीट बसते आणि अर्धवट उघडे ठेवल्यास तिथून गळतात, म्हणून ऑक्सिजनचा असा वाल्व हळूहळू पण पूर्ण उघडावा. (अ‍ॅसिटिलीनला हा नियम लावू नये, तो जेमतेम एक ते दीड फेराच उघडतात.) पूर्ण उघडूनही गळती राहिली, तर वाल्व बंद करावा. त्याने गळती थांबली, तर रेग्युलेटर काढून, सिलिंडरवर दोषाची चिठ्ठी लावून तो पुरवठादाराला परत करावा. वाल्वचा कोणताही भाग स्वतः उघडू नये, कारण त्यामागे पूर्ण दाब असतो. वाल्व बंद करूनही वायू येतच असेल, तर आसपासच्या सगळ्या ज्योती आणि ठिणग्या उडणारी कामे थांबवावीत, सुरक्षितपणे हलवता येत असेल तर सिलिंडर उभाच ठेवून मोकळ्या जागी न्यावा, तेलकट वस्तू, इंधनाचे सिलिंडर आणि माणसे त्यापासून दूर ठेवावीत आणि पुरवठादाराला कळवावे. हलवणे शक्य नसेल तर दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.