न उकरलेल्या कुंडीत रोपं पिवळी पडली म्हणून माती बदलू नका

तुम्ही विचारलंय की ठाण्यात बंद गॅलरीत, एलईडी दिव्याखाली, माती न उकरता मिरची-टोमॅटो लावता. पण जुन्या मातीत नवं रोप लावलं की ते अडून बसतं आणि खालची पानं पिवळी पडतात. तर माती काढून उन्हात वाळवून पुन्हा भरावी का?

नको. अजिबात नको.

आमच्या घरी हे होऊन गेलंय. माझे सासरे, अण्णा, मुरबाडकडचे. जन्मभर भात केलेला माणूस, उकरल्याशिवाय माती पिकत नाही यावर ठाम. एका मे महिन्यात मी माहेरी गेले असताना त्यांनी गॅलरीतल्या कुंड्या गच्चीवर नेऊन ओतल्या. माती ताडपत्रीवर पसरली, जुनी मुळं वेचून टाकली, ढेकळं फोडली आणि पुन्हा दाबून भरली. भर उन्हात, मनापासून केलं. पण पुढच्या हंगामात पाणी घातलं की वर तळं साचायचं, वाळलं की पापुद्रा धरायचा. गांडूळ एकही दिसेना. वॉशिंग मशीनमागे एक कुंडी त्यांच्या नजरेतून सुटली होती; तिच्यातलं वांगं मात्र दणकून वाढलं.

मी त्यांना नेरळच्या सगुणा बागेचं सांगितलं. तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच पट्ट्यावर, भात टोकतात, बी थेट मातीत घालतात. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीसुद्धा नाही, आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. अण्णा म्हणाले, ते शेत आहे, ही कुंडी आहे. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते: कुंडीत तर उकरूच नये. शेतात गांडूळ खालून, बांधावरून परत येतं. सातव्या मजल्यावर ते कुठून येणार?

आता तुमच्या रोपांचं. एक रोप हळूच उपसून बघा. नर्सरीच्या काळ्या पिशवीतली लाल माती तशीच घट्ट गोळा होऊन बाहेर आली, पिशवीच्या सुरकुत्यांसकट, आणि गोळ्याबाहेर एकही पांढरं मूळ नसेल, तर दोष तुमच्या मातीचा नाही. ती चिकण माती एकदा वाळली की पाणी तिच्यात मुरत नाही, बाजूच्या भुसभुशीत खतातून निघून जातं. कुंडी ओली, रोप तहानलेलं. लावण्याआधी पिशवी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग गोळ्याची बाहेरची माती पाण्यातच बोटांनी सोडवा, तळाशी गोल फिरलेली मुळं मोकळी करा आणि संध्याकाळी, दिवा बंद झाल्यावर लावा. खड्डा मुळांपुरताच. टोमॅटो दोन पानं काढून खोल गेला तरी चालतो, त्याला खोडावर मुळं फुटतात. मिरची होती तेवढीच ठेवा.

जुनं झाड उपटू नका, मातीलगत कात्रीने कापा. माती खाली बसते, ती जागा गांडूळ खताने वरूनच भरा, कालवू नका. वर सुका पाला. बंद गॅलरीत, त्यातून पावसाळ्यात, पाणी फार हळू उडतं. बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय घालू नका. चिलटं उठत असतील तर पाणी जास्त होतंय.

घरात कुणी खुरपं घेऊन मागे लागलं, तर एक कुंडी त्यांना द्या, एक तुमची ठेवा आणि शेजारी शेजारी एकच रोप लावा. हे मी अण्णांना आधीच सुचवायला हवं होतं असं नाही, सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

हो, एक राहिलं. कापलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी असतील तर ते सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. किंवा हिरवंगार झाड पाणी असूनही एकाएकी मान टाकून मेलं असेल तर मर रोगाची शंका घ्या. अशा वेळी वरचं सगळं विसरा: ती कुंडी मुळांसकट रिकामी करा, माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि कुंडी घासून वाळवल्याशिवाय तिच्यात मिरची, टोमॅटो, वांगं काहीच लावू नका.