कॅप का फुटते हे शोधायला बीडीएस लागत नाही

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईच्या दाढेवरची सिरॅमिक कॅप चार वर्षांत फुटली. तिच्यावरच्या ताणाचा प्रोजेक्ट करायचा विचार आहे, पुढेही यातच काम करायचंय. बाबा म्हणतात, दातांचंच करायचं तर बीडीएस कर.

उत्तर : बीडीएस म्हणजे पुन्हा नीट आणि इंटर्नशिप धरून पाच वर्षं. त्यात कॅप बसवायला शिकशील. ती फुटते का, हा तुझा प्रश्न मटेरियल्सवाल्यांचा आहे.

सिरॅमिक दाबाला भक्कम, ओढीला कच्चं. झिरकोनिया या कॅपच्या सिरॅमिकचा इलॅस्टिक मोड्युलस, म्हणजे ताठपणा, २०० गिगापास्कलच्या आसपास, खालच्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या थराचा, जेमतेम २०. त्यामुळे चावताना कॅप किंचित वाकते आणि ओढ बसते ती आतल्या बाजूला. मशीनवर गोळीने दाबून कॅप फोडली, तर तडा बहुधा गोळीच्या दाबाखालीच निघतो. पेशंटच्या तोंडातून आलेल्या तुकड्यांत मात्र तो बऱ्याचदा हिरडीजवळच्या कडेला सुरू झालेला दिसतो. ही तफावतच तुझ्या प्रोजेक्टचा विषय असू दे. अ‍ॅन्सिस या सॉफ्टवेअरमधली ताणाची लाल-निळी चित्रं छापून देणारे प्रत्येक कॉलेजात ढीगभर असतात.

तुझ्या गाइडमार्फत एखाद्या डेंटल कॉलेजच्या प्रोस्थोडोंटिक्स (कॅप-कवळ्यांच्या) विभागाला विचार : फुटलेल्या कॅप टाकू नका, निर्जंतुक करून द्या, पेशंटचं नाव नको. मायक्रोस्कोपखाली तडा कुठून निघाला ते वाचायला शीक. याला फ्रॅक्टोग्राफी म्हणतात. तुकड्यासोबत मटेरियल आणि जाडी लिहून ठेव, आणि हेही विचार की बसवताना चावा जुळवायला डॉक्टरांनी कॅपवर बर (घासायचं फिरतं टोक) फिरवला होता का. घासून पॉलिश न केलेल्या जागी ओरखडे राहतात. लाळेच्या ओलाव्यात आणि रोजच्या चावण्यात ते हळूहळू वाढतात, आणि एक दिवस कॅप साध्या पोळीच्या घासाला जाते. पेशंट शपथेवर सांगतो, ‘कडक काही खाल्लंच नव्हतं.’ खरंच खाल्लेलं नसतं! डेंटल सिरॅमिकच्या चाचण्यांचं आयएसओ ६८७२ हे मानकही लायब्ररीतून मिळवून वाच.

पुढचा रस्ता एमटेकच्या गेट परीक्षेचा. मेटलर्जी किंवा बायोमेडिकलचा पेपर दे. आयआयटी मुंबईत हे दोन्ही विषय आहेत. बायोसिरॅमिक्ससाठी कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल ही वैद्यकीय संस्था बघ. कोणत्या पेपरवर कुठे प्रवेश, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपास.

बाबांची खरी काळजी पोटापाण्याची असणार, आणि ती रास्त आहे. फक्त कॅपच्या तड्यांवर पगार देणाऱ्या जागा आपल्याकडे फार थोड्या. म्हणून एमटेकला विषय थोडा रुंद ठेव : इम्प्लांट, हाडांचे स्क्रू, वैद्यकीय उपकरणांचं टेस्टिंग. तडा वाचता येणारा माणूस तिथेही लागतो. तिसऱ्या वर्षाला असतानाही गेट देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा यंदाच फॉर्म भर.