मुंबईहून मेलबर्नला जातोय. सांबराच्या शिकारीसाठी बेताच्या बजेटमध्ये कोणती मॅग्नम बोल्ट-ॲक्शन रायफल घेऊ?

आधी थेट उत्तर देतो. मॅग्नमच, म्हणजे जास्त दारूचं आणि जास्त वेगाचं काडतूस झाडणारी रायफलच, घ्यायची हे तुमचं पक्कं असेल, तर .३०० विन्चेस्टर मॅग्नम (थोडक्यात .३०० विन मॅग) या काडतुसासाठीची हॉवा १५०० घ्या. सिंथेटिक दस्ता, चोवीस इंची नळी. पण तुमचा प्रश्न पुन्हा पुन्हा वाचून माझं मत असं झालंय की तुम्ही पहिली रायफल मॅग्नम घेऊ नये. .३०-०६ या मॅग्नम नसलेल्या काडतुसासाठीची टिक्का टी३एक्स घ्यावी आणि उरलेले पैसे स्कोप आणि काडतुसांवर घालावेत. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण चुकीची गोळी लागलेलं सांबर रात्रभर रानात तडफडत राहतं आणि सकाळी सापडतंच असं नाही. म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला राहता, कॉलेजात असताना एनसीसीत .२२ चालवलीत, त्यानंतर बंदुकीला हात लावलेला नाही. सहा महिन्यांनी नोकरीसाठी मेलबर्नला जाताय, तिथले सहकारी व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरात सांबराच्या मागे जातात, स्कोपसकट दोन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च करायची तयारी आहे, आणि त्यांच्यातल्या एकानं ‘.३०० विन मॅगच्या खाली काही घेऊ नकोस’ असं बजावलंय. रायफल इथूनच घेऊन जाता येईल का, असंही विचारलंय. मी आता माहीमला असतो, पण नोकरीची बरीच वर्षं मेलबर्नला काढली आणि हिवाळ्यात व्हिक्टोरियाच्या पूर्वेकडच्या गिप्सलँडच्या रानात जात होतो, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

इथून न्यायचा विचार सोडूनच द्या. आपल्याकडे शस्त्र परवाना हे वेगळं प्रकरण आहे, परदेशी रायफलींची खुली आयात सर्वसामान्य परवानाधारकाला बंद आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या रायफलींना इथं तसा बाजारच उरला नाही. तिकडे गेल्यावर सुरक्षा अभ्यासक्रम, मग लांब नळीच्या हत्यारांचा परवाना (सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसाची अशी रायफल ‘बी’ वर्गात येते), मग त्या विशिष्ट रायफलीसाठी खरेदीची परवानगी, आणि शिकारीचा गेम लायसन्स वेगळा. नियम बदलत राहतात, नागरिक नसलेल्यांचे वेगळे असू शकतात, त्यामुळे गेल्या गेल्या व्हिक्टोरिया पोलिसांच्या परवाना विभागात खात्री करून घ्या. यात काही महिने जातात. तो वेळ सरावाला वापरा.

आता सांबर. हे आपलंच जनावर. १८६० च्या दशकात तिकडे नेऊन सोडलं आणि व्हिक्टोरियाच्या पूर्वेकडच्या ओल्या, उताराच्या रानात ते असं रुजलं की आज तिथल्या झाडोऱ्याला त्याचा त्रास होतो. पायी फिरून सांबर मारायला तिथं वर्षभर मुभा आहे. मोठा नर अडीचशे किलोच्या घरात जातो आणि जीवानं फार चिवट असतो. कायद्यानं त्याच्यासाठी किमान .२७० कॅलिबर (नळीचा इंचातला व्यास) आणि १३० ग्रेनची गोळी लागते (ग्रेन हे गोळीचं आणि दारूचं वजन मोजायचं छोटं माप). ‘.३०० विन मॅगच्या खाली नको’ हा तुमच्या सहकाऱ्याचा स्वतःचा नियम झाला, तिथल्या कायद्याचा नव्हे. आणि ते रान पाहिलं की तो नियम का टिकत नाही ते कळतं. ट्री फर्न, ब्लॅकबेरीची जाळी, खोल ओढे. सांबर दिसतं तेव्हा बहुतेक वेळा साठ-सत्तर मीटरवर असतं, आणि तेही अर्धं झाडाआड. समोरच्या उतारावरचं मोकळं जनावर दोनशे मीटरवर मिळालं तर नशीब. अंतराचा अंदाज हवा असेल तर दादरला बारा डब्यांची लोकल उभी असताना एका टोकाच्या डब्यापाशी उभं राहून दुसऱ्या टोकाचा डबा बघा. ते साधारण अडीचशे मीटर. एवढ्या लांबची गोळी नवख्यानं झाडूच नये.

या अंतरांवर मॅग्नमनं नेमकं काय मिळतं? १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघते, .३०० विन्चेस्टर मॅग्नममधून सुमारे ९०० मीटरनं. दोन्ही रायफली २०० गजांवर झीरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी नेमावर बसेल असा स्कोप लावला, तर ३०० गजांवर त्यांच्या पडण्यात चार-पाच सेंटिमीटरांचा फरक येतो. सांबराच्या छातीचा जो भाग भेदायचा तो याच्या कितीतरी पट मोठा असतो. मॅग्नमचा फायदा खरा आहे, पण तो चारशे मीटरच्या पुढे, मोकळ्या डोंगरावर, जोरदार वाऱ्यात. न्यूझीलंडच्या उंच कड्यांवर ताहर (एक रानबकरा) मारायला जाणाऱ्याला तो हवा. तुम्हाला नको.

उलट जवळच्या अंतरावर त्या जास्तीच्या वेगाची किंमत मोजावी लागते. साठ मीटरवर साधी मऊ नाकाची गोळी इतक्या जोरात आदळते की खांद्याच्या हाडावर फुटून जाते, आत खोल शिरत नाही, आणि पुढच्या फऱ्याचं मांस रक्तानं माखून वाया जातं. मॅग्नम घेतलीत तर न फुटता खोल शिरणारी गोळी हवी: बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या कवचाला घट्ट जोडलेली), किंवा बार्न्ससारखी अख्ख्या तांब्याची, किंवा नॉस्लर पार्टिशन. या गोळ्या उत्तम आहेत आणि महाग आहेत.

आता धक्क्याबद्दल. दुकानात हा विषय कुणी नीट काढत नाही, आणि माझ्या मते निवड इथंच व्हायला हवी. .३०० विन मॅगमध्ये सत्तर ग्रेनहून जास्त दारू जळते, .३०-०६ मध्ये साधारण पंचावन्न. सारख्या वजनाच्या रायफलीत मॅग्नमचा धक्का सुमारे तीस टक्के जास्त बसतो. रायफल हलकी घेतलीत की आणखी. खांदा दुखणं ही यातली लहान बाब आहे. गोळी सुटायच्या आधीच शरीर दचकायला शिकतं, हे खरं नुकसान. डोळे मिटतात, बोट चाप दाबायच्या ऐवजी हिसकतं, नळी खाली झुकते. हे चालवणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण त्याच क्षणी बार उडतो आणि सगळं झाकलं जातं. तपासायची एक जुनी पद्धत आहे. मित्राला सांगा की तुमच्या नकळत कधी खरं काडतूस भर, कधी नकली. नकलीवर चाप दाबला की नळी किती खाली जाते ते सगळ्यांना दिसतं. रेंजवर चांगली बांधणी असलेली, वर्षानुवर्षं शिकार करणारी माणसं मॅग्नमवर अशी हलताना मी पाहिली आहेत. सांबर चुकतं, किंवा त्याहून वाईट, पोटात लागतं, ते याच दचकण्यामुळे. .२२ वरून थेट .३०० विन मॅगवर उडी मारणाऱ्याला ही सवय पहिल्या वीस काडतुसांत लागू शकते आणि ती सुटायला अख्खा हंगाम जातो.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण) लावला की धक्का बराच उतरतो, हे खरं. पण आवाज इतका वाढतो की बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याच्या कानांनाही इजा होऊ शकते, आणि रानात प्रत्येक वेळी कानांवर संरक्षण असेलच असं नसतं. शिकारीच्या रायफलीवर मला तो आवडत नाही.

तरीही मॅग्नमच, असं म्हणत असाल तर हॉवा का ते सांगतो. जपानी बनावट, अखंड पोलादाचा बोल्ट (काडतूस भरायला हातानं मागे-पुढे करायचा दांडा), टप्प्याटप्प्यानं दबणारा स्वच्छ चाप, आणि मुख्य म्हणजे वजन. स्कोपशिवाय साडेतीन किलोच्या आसपास जाते, आणि मॅग्नममध्ये तेच वजन तुमचा खांदा वाचवतं. वेदरबी व्हॅनगार्डही हॉवाच बनवते. ती कुठं सवलतीत मिळाली तर डोळे मिटून घ्या. टिक्का फिनलंडची, साकोच्या कारखान्यातली. बोल्ट इतका मऊ चालतो की एकदा हाताळल्यावर बाकीचे खरखरीत वाटतात. अचूकतेला दोन्ही तोडीस तोड, शंभर मीटरवर तीन गोळ्या तीन सेंटिमीटरांत बसतात. पण टिक्काची ‘लाइट’ तीन किलोच्या आत-बाहेर असते. .३०-०६ मध्ये ते वजन चढावर सुखाचं, .३०० विन मॅगमध्ये त्रासाचं. म्हणून कॅलिबर बदललं की माझी शिफारसही बदलते.

रुगर अमेरिकन आणि सॅव्हेज ११० स्वस्त आहेत आणि नेमही चांगला देतात. बजेट आणखी आवळायचं असेल तर त्यांत कमीपणा नाही. विन्चेस्टर मॉडेल ७० सुंदर आहे, माउझरच्या धर्तीचा तो पंजा काडतूस पहिल्यापासून पकडून ठेवतो, पण तुमच्या पैशांत ती आणि बरा स्कोप दोन्ही बसणार नाहीत. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम हा .३०० विन मॅगपेक्षा थोडा मवाळ पर्याय आहे. .३३८ विन मॅगच्या वाटेला जाऊ नका. आणि नव्यानं आलेली कॅलिबरं कागदावर कितीही चांगली दिसोत, मॅफ्रा किंवा मॅन्सफिल्डसारख्या गावातल्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी कोणतं काडतूस हमखास मिळेल, हे बघा. .३०-०६, .३०८ आणि .३०० विन मॅग बहुधा मिळतात.

जुनी रायफल घेण्याचा विचार जरूर करा. मॅग्नमच्या बाबतीत तर विशेष, कारण अनेक जण हौसेनं घेतात, एक-दोन पाकिटं उडवतात आणि विकून टाकतात, तेव्हा नळी जवळजवळ कोरी असते. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढचा नळीचा भाग बोअरस्कोपनं, म्हणजे नळीत घालायच्या दुर्बिणीनं, बघायला मागा. मॅग्नमची नळी तिथूनच जळायला लागते. २००६ ते २०१४ मधली रेमिंग्टन ७०० दाखवली तर चाप बदललाय का ते विचारा, त्या काळातल्या एका चापासाठी कंपनीनं २०१४ मध्ये रायफली परत मागवल्या होत्या.

दोन हजारांतले बाराशे-तेराशे रायफलीला, पाचशे स्कोप आणि माउंटला, उरलेले काडतुसांना, असं मी वाटप करेन. स्कोप ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिमीच्या भिंगाचा) पुरतो. झाडीत तो कायम तीनवरच ठेवायचा. डोळ्यापासूनचं अंतर निदान नऊ सेंटिमीटर मिळायला हवं, नाहीतर चढावर वर रोखून झाडताना स्कोपची कड भुवई फोडते. स्वस्त स्कोप मॅग्नमच्या धक्क्यानं आतून सैल होतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि झीरो रोज थोडा थोडा सरकत राहतो.

जायच्या आधीचे सहा महिने वाया घालवू नका. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथं चौकशी करा आणि एअर रायफल किंवा .२२ वर पुन्हा हात बसवा. पडून झाडण्यात रमू नका, गुडघ्यावर आणि उभं राहून झाडायचा सराव करा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक आणलं तो ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे याच तीन बैठका, आणि .२२ चीच रायफल. रानात पडून झाडायची संधी क्वचित मिळते, समोर गवत आणि फर्न असतं. तिकडे गेल्यावर क्लबात कुणाची तरी .३०-०६ आणि .३०० विन मॅग मागून घ्या, दोन्हींच्या दहा-दहा गोळ्या गुडघ्यावर बसून झाडा आणि मग दुकानात जा.

दुकानात रायफल खांद्याला लावाल तेव्हा जाड जॅकेट घातलेलं असू द्या, कारण शिकार थंडीत होते. कोपरापासून बोटापर्यंत हात आखूड असेल तर नेहमीचा दस्ता लांब पडतो आणि धक्का खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर बसतो. तुमची उंची कळवलीत तर दस्ता किती कमी करून घ्यावा लागेल ते सांगतो.